ती भिंत पावसानं गळाली नव्हती

मालतीताई, बाळाच्या खोलीतली ती भिंत पावसानं गळाली नव्हती. मी पुसली होती. ओल्या फडक्यानं, डावीकडून उजवीकडे, जसा मी आयुष्यभर ओटा पुसत आले, तशी.

झालं लिहून. चौदा वर्षं हे वाक्य माझ्या तोंडाशी येऊन परत जात होतं. आणि आता तुम्हाला जाऊन पुरते चौदा दिवसही झाले नाहीत, तर ते इतकं सहज उतरलं की मलाच वाटलं, एवढंच होतं होय. अर्थात तुम्हाला सांगणं आता सोपं आहे, तुम्ही उलट विचारणार नाही. अवघड आहे ते तुमच्या लेकीला सांगणं. अनघा माझी सून असली तरी आधी तुमची मुलगी आहे, आणि ती भिंत तिच्या आईनं तिच्या बाळासाठी केलेली होती. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मला तुमच्यावर लिहायला सांगितलंय. अंक अनघाच्याही हातात पडणार. म्हणून ठरवलंय, तिला तोंडानं सांगितल्याशिवाय हे कागद कुणाच्या हातात द्यायचे नाहीत.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. अक्कल यायचं वय उलटून बराच काळ झाला होता, आणि ती आलेली आहे अशी माझी पक्की समजूत होती. पहिल्यांदाच अमेरिकेला आले होते. पायात पांढरे कोरे बूट, गळ्यात पासपोर्टची पिशवी, आणि मनात एकच विचार, की नातीला आजी म्हणजे काय असते ते आता कळेल. आधीचे सहा महिने तुम्ही होतात. तुमची व्हिसाची मुदत संपली की मी यायचं, माझी संपली की तुम्ही. इथं बॉथेल गावात आपल्यासारख्या विहिणींच्या कितीतरी जोड्या अशा पाळ्या करत होत्या. पार्कमध्ये बाबागाडी ढकलणारी बाई दिसली की दुसरी बाबागाडीवाली आधी विचारायची, "तुम्ही आईकडच्या की बाबांकडच्या?" आणि मग, "किती महिने राहिले?" गिरणीतल्या पाळ्यांसारखंच सगळं, फक्त भोंगा नव्हता.

आपली दोघींची गाठ पडायची ती तीन दिवस. मी उतरायचे, तीन दिवसांनी तुम्ही निघायचात. तेवढ्यात कुठल्या डब्यात काय, कुठला नळ चिकटतो, बाळ कशानं झोपतं, हे सगळं हवाली करायचं. त्या पहिल्या वेळी तुम्ही मला सगळ्यात शेवटी भिंत दाखवलीत. पाळण्यामागची, कमरेएवढ्या उंचीची, हात पसरले तर मावेल एवढी. गेरूनं सारवलेली. तिच्यावर तांदळाच्या पिठानं काढलेली बारीक पांढरी माणसं. एक बाई पाळणा हलवतेय. खिडकीत कावळा. तिरक्या रेघांचा पाऊस. दर महिन्याला बाळानं जे नवं केलं, ते तुम्ही भिंतीवर चढवलं होतं. आणि मधोमध एक चौकोन कोरा, नुसता गेरू.

"हा का सोडलाय?" मी विचारलं.

"पाचवीला सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणतात ना," तुम्ही म्हणालात. "लोक कोरा कागद ठेवतात. मी म्हटलं, कागद कशाला, तिला ऐसपैस जागा देऊ."

जव्हारकडच्या पाड्यांवर तुम्ही तीस वर्षं शाळेत शिकवलंत. तिथल्या बायकांनी तुम्हाला गेरू भिजवायला, चिंधीनं सारवायला, काडीचं टोक चावून कुंचला करायला शिकवलं. कुणी चित्राचं कौतुक केलं की तुम्ही दरवेळी म्हणायचात, "माझं काही नाही यात. मी त्यांची कच्ची विद्यार्थिनी." मला हा विनय वाटायचा आणि विनयाचा मला राग यायचा. मी तोंडानं म्हटलं, "छान आहे हो." मनात म्हटलं, भाड्याच्या घराची भिंत घाण करून ठेवली बाईनं.

तुम्ही गेलात आणि ईरा माझ्या ताब्यात आली. सहा महिन्यांची पोर, माझ्याकडे आली की रडायची. भिंतीसमोर नेली की गप्प. दोन्ही हात पुढे करून त्या कावळ्याशी बोलायची. मी तीन आठवडे काय काय केलं म्हणून सांगू. टाळ्या वाजवल्या, गाणी म्हटली, वाकडी तोंडं केली, डोक्यावर वाटी ठेवून नाचले. ती माझ्याकडे शेजारच्या बाईकडे बघावं तसं बघायची, आणि मग मान वळवून भिंतीकडे. तुम्ही आठ हजार मैलांवर ठाण्याला बसून होतात आणि तुमची भिंत काही न करता जिंकत होती.

एका दुपारी तिनं मऊ भाताचा हात भिंतीवर मारला. मी ओलं फडकं घेऊन भात पुसायला गेले. फडकं लाल झालं आणि चित्रात पाऊस पडत होता तिथल्या दोन रेघा गेल्या.

तिथं थांबता आलं असतं. हे मी तेव्हाही मनाशी म्हटलं, अगदी स्पष्ट शब्दांत. मग म्हटलं, आता एका बाजूनं विचित्र दिसेल, जरा सारखं करू. माझा हात ओटा पुसायच्या सवयीनं चालू लागला आणि मी त्याला चालू दिला. सारखं करता करता पाळणा गेला, बाई गेली. कावळा शेवटी गेला. कोरा चौकोनही गेला, म्हणजे काय गेलं ते तुम्हीच ठरवा.

शिक्षा लगेच झाली. बादलीतलं पाणी सांडलं, आणि खाली तो मळकट पांढरा गालिचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी लिंबू चोळलं, खायचा सोडा टाकला, व्हिनेगर ओतलं. जितकं चोळावं तितका डाग शहाणा होत पसरला. ईरा त्यातून रांगली. तिचे गुडघे, माझे पाय, नवे पांढरे बूट, सगळं लालेलाल. संध्याकाळी केदार रेडमंडच्या ऑफिसातून आला, दारात बॅग घेऊन उभाच राहिला.

"आई, कोणाला मारलंस?"

"मी काय मारतेय," मी म्हटलं. "तुमच्या इथल्या पावसाळी हवेनं भिंतीचा रंग गळाला. मी आपली गोळा करतेय."

असं ते खोटं जन्माला आलं. ठरवून बोलले नव्हते. पण एकदा बोलल्यावर मी त्याला न्हाऊ-माखू घालून मोठं केलं, हेही खरं.

अनघा आली, खोलीच्या दारात उभी राहून तिनं भिंत पाहिली. रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाली, "अहो आई, आईला मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा." ती तुम्हाला आई म्हणायची आणि मला अहो आई, तो 'अहो' त्या दिवशी मला जरा मोठा ऐकू आला.

तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, "गळाला? सगळा?"

"सगळा हो. हवाच अशी आहे."

"अनघानं फोटो पाठवलाय. गळाला तर ओघळ वरून खाली यायला हवेत. हे पट्टे आडवे दिसतायत."

"ते ना," मी म्हटलं, "तिकडून हीटरचा वारा येतो."

तुम्ही म्हणालात, "असं होय." गृहपाठाची वही गायीनं खाल्ली म्हणून सांगणाऱ्या मुलाला शाळेतल्या बाई जे 'असं होय' म्हणतात, ते. किंवा मलाच तसं वाटलं. पुढची चौदा वर्षं मी त्या दोन शब्दांची चव घेऊन बघत आले, खारट आहेत की गोड, मला कधी ठरवता आलं नाही.

तसं गेरूशी माझं वैर जुनं. साताऱ्याला नवी नवरी होऊन गेले तेव्हा सासूबाईंनी दिवाळीआधी तुळशीवृंदावनाला गेरू लावायचं काम मला दिलं. मी बीएस्सी झालेली. गेरू म्हणजे मागासलेपणा, दरवर्षी लावायचा आणि दरवर्षी जायचा, यात शास्त्र ते काय. मी दुकानातून लाल ऑइलपेंट आणून वृंदावन चकचकीत केलं. त्याला मुंग्या चिकटल्या, एक पाकोळी चिकटली, आणि सवाष्णी हळदीकुंकवाला आल्या तेव्हा एकीचा पदर चिकटला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुळस हॉटेलात राहायला गेली वाटतं." ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली होती, कारण तिच्यात मी नुसती मूर्ख आहे. दुसरीत मी मूर्ख आणि लबाड दोन्ही होते, म्हणून ती ठेवून दिली.

पुढच्या पाळीला तुम्ही आलात ते बॅगेत गेरूची ढेकळं घेऊन. विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं काय आहे, तर तुम्ही खरं सांगितलंत. माती आहे, भिंत रंगवायला. माती म्हटल्यावर त्यानं काढून घेतली. तुम्हाला राग आला नाही, त्याचं बरोबर आहे म्हणालात. मी असते तर फेसपावडर म्हणून सांगितलं असतं. आपल्या दोघींत फरक तो एवढाच. मग तुम्ही इथल्या इंडियन स्टोअरमधला रांगोळीवाल्यांचा पुड्यातला गेरू आणलात, बोटांत चोळलात, वास घेतलात. "यात अर्धी वीट आहे," म्हणालात, तरी त्याच्यावरच भागवलंत. केदारकडून ड्रायवॉलचा, म्हणजे इथल्या भिंती ज्या फळ्यांच्या असतात त्यातला, एक तावदानाएवढा तुकडा आणवलात, त्याचे पाटीएवढे चौकोन करून घेतलेत, आणि एकेकावर वेगवेगळा गेरू लावलात. एक नुसत्या पाण्यातला. एक भाताच्या पेजेतला. एक डिंकातला, एक मेथीच्या पाण्यातला. मागे पेन्सिलनं तुमच्या त्या शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलंत, कशात काय, किती थर. निघताना मला एक वही दिलीत.

"सुधाताई, मी नसताना पावसाळा तुमच्या पाळीत येतो. कुठला किती गळतो, आठवड्याला एकदा लिहून ठेवाल?"

मी वही घेतली. दुसरं काय करणार होते.

सोमवार, पाऊस, गेरू जागेवर. पुढचा सोमवार, पाऊस, गेरू जागेवर. मालतीताई, बॉथेलचा हिवाळा म्हणजे आभाळ नोव्हेंबरात खाली येतं आणि मार्चपर्यंत उठत नाही. पण घरात हीटर. भिंती सुक्या खडखडीत. नुसत्या पाण्यातला गेरूसुद्धा कणभर हलेना. तीन महिने झाले आणि मला घाम फुटला. एकही चौकोन गळाला नाही, तर ती भिंत कशी गळाली? पुराव्यानिशी पकडली जाणार होते मी, आणि पुरावा माझ्याच अक्षरात.

मग मी इस्त्रीची पाण्याची बाटली घेतली. दर शुक्रवारी ईरा झोपली की गॅरेजमध्ये जाऊन चौकोनांवर फुसफुस पाणी मारायचे. ओघळ वरून खाली आले. ते बघून मला जे समाधान वाटलं ते कुठल्या पदवीनं वाटलं नव्हतं. वहीत लिहिलं, पाण्यातला पूर्ण गळाला, पेजेचा निम्मा, डिंकाचा थोडा.

तुम्ही परत आलात, वही वाचलीत, चष्मा कपाळावर सारलात, आणि म्हणालात, "बघा, म्हणजे तुमचं खरं होतं. हवाच वाईट." मी त्या रात्री जेवले नाही. पोट बिघडलंय म्हटलं. तुम्ही मला ओवा दिलात.

हे किती वर्षं चाललं. मी पाणी मारायचे, तुम्ही सुधारायचात. डिंकात लसूण घालून पाहिलीत, जवसाचं पाणी पाहिलंत. भाड्याचं घर सुटून केदार-अनघानं स्वतःचं घर घेतलं, आपल्याला ग्रीन कार्डं मिळाली, हवं तितकं राहायची मोकळीक झाली, तरी सहा-सहा महिन्यांची पाळी आपण मोडली नाही. फक्त मधले तीन दिवस वाढत आठ झाले, मग पंधरा. तुम्ही माझे डब्यांचे क्रम बदलायचात, मी तुमचे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी तुम्ही माझीही पाळी केलीत, बारा महिने घरी गेला नाहीत, आणि मी फोनवर आभार मानायला लागले तर म्हणालात, "वहीत मात्र खंड पडला." आपल्यात मैत्री कधी झाली मला सांगता येणार नाही. विहिणींच्या मैत्रीला मुहूर्त नसतो, मानपान विसरला की समजायचं.

एक भांडण मात्र तुटलं नाही. मी आतून पोखरले गेले होते, म्हणून तुम्हाला त्या कामातून सोडवायला बघत होते. म्हणायचे, "अहो, पाड्यावरच्या बायका दर लग्नाला नव्यानं सारवतात, तुम्हीच सांगता. गेरू जायलाच असतो. टिकवायचा अट्टहास कशाला?"

"त्या तिथंच राहतात," तुम्ही म्हणायचात. "गेला तर उद्या सारवतील. मी इथं असते कुठं? मी नसतानाही तिला दिसलं पाहिजे."

"मी असते की."

"तुम्ही सारवाल?"

यावर मी उठून डबे आवरायला लागायचे. उत्तर सापडलं की मग सांगेन म्हणत राहिले. आता सांगते, मी सारवलं असतं. वाईट सारवलं असतं, ढगळ, ठिपक्यांनी भरलेलं, पण सारवलं असतं. तुम्ही एकदा शिकवायचंत ना. मी विचारलं नाही हेही आहेच.

एकदा मात्र मी खरंच बोलायला लागले होते. ईरा दुसरीत असेल. आपण दोघी स्वयंपाकघरात, खिडकीबाहेर ती सायकल शिकत होती आणि केदार मागे धावत होता. मी म्हटलं, "मालतीताई, ती पहिली भिंत होती ना..."

"भिंतीचं राहू दे," तुम्ही म्हणालात, "आधी याचा वास घ्या." आणि माझ्या नाकाखाली पातेलं धरलंत. दूध नासलं होतं. मी तोंड वाकडं केलं, तर तुमचा चेहरा उजळलेला. पातेल्याच्या कडेला चिकटलेला चोथा नखानं निघत नव्हता म्हणून. त्या चोथ्यात तुम्ही विड्याच्या पानाचा चुना कालवलात, बोटानं घोटलात, त्यात गेरू. आठ दिवस वाळू दिलात. मग मला गॅरेजमध्ये बोलावलंत आणि माझ्या हातात ओलं फडकं दिलंत.

"तुम्ही पुसा."

"मी कशाला?"

"तुमचा हात चांगला चालतो."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चौकोनाकडे बघत होतात. मी पुसलं, डावीकडून उजवीकडे, जोर लावून. फडकं पांढरंच राहिलं. तुम्ही हसला नाहीत, नाचला नाहीत, फक्त जवळच्या खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, "आता चहा करा कुणीतरी." मला रडू आलं. तुम्हाला वाटलं असेल आनंदानं. आनंद होताच, पण मुख्य म्हणजे सुटका. माझ्या खोट्याला आता कामच उरलं नव्हतं.

नव्या घरातली जिन्याच्या वळणावरची ती भिंत तशी झाली. पंधरा दिवस तुम्ही शिडीवर आणि मी खाली शिडी धरून. मधला चौकोन तुम्ही परत कोरा सोडलात. ईरानं दहाव्या वर्षी त्यात पांडाचं स्टिकर लावलं. मला वाटलं तुम्ही काढाल. तुम्ही म्हणालात, "राहू दे. सटवाईनं पाठवलं असेल."

आणि मग बुधवारी केदारचा फोन. तुमची पाळी संपायला नऊ दिवस होते, माझं तिकीट काढलेलंच होतं, ते त्यानं अलीकडे आणलं. दुपारचा चहा घेऊन तुम्ही खिडकीपाशी बसलात, अनघा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होती, खाली आली तोवर तुम्ही गेला होतात. कप अर्धा होता आणि सांडला नव्हता. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा. मालतीताई, मी हे वाईट अर्थानं म्हणत नाही, पण मी विमानात बसून हुश्श केलं. नळ्या नकोत, पाइप नकोत, कुणाला ओळखलं नाही असं नको, हे तुम्ही किती वेळा बोलला होतात. शहाण्या बाईला हवं तसं मरण मिळालं, ते ऐकून माझी स्वतःची भीतीसुद्धा थोडी कमी झाली. रडले नंतर, विमानतळावर. न्यायला केदार एकटाच आला होता. दरवेळी तुम्हीही यायचात, मागच्या सीटवर बसून डब्यांची यादी सांगायचात.

तुमच्या वस्तू आवरायचं काम मी मागून घेतलं. खरं कारण, भीती. एखाद्या वहीत लिहिलेलं असेल, सुधाताईंनी पुसली, मला माहीत आहे. सगळी पानं उलटली. पेज, डिंक, चुना, थर, दिवस. माझ्या शुक्रवारांचे परिणाम तुम्ही किती मन लावून लाल पेन्सिलनं आलेखात मांडले होते, ते बघून मी मान खाली घातली. पण माझं नाव कुठं नव्हतं. बाकी पेटीत चुन्याच्या सतरा डब्या आणि चावलेल्या काड्यांचा जुडगा. तुम्हाला कळलं होतं की नाही, हे आता मला कधी कळणार नाही. आधी याचा त्रास झाला. मग वाटलं, बरंय. कळलं असेल तर तुम्ही चौदा वर्षं ते पोटात ठेवलंत आणि मला शिडी धरू दिलीत. नसेल कळलं तर तुम्ही सुखानं प्रयोग केलेत. दोन्हीकडून मीच फायद्यात.

राहिली अनघा. तिला सांगेपर्यंत पुढं लिहायचं नाही म्हणून दोन दिवस हे कागद मिटून ठेवले होते. काल बाराव्याचं आटोपलं, लोक गेले. ईरा सोफ्यावर मोबाइल घेऊन, केदार कुणाला तरी सोडायला गेलेला. अनघा ओट्याशी उभी होती, कुकर उतरवून वरण घोटत. मी म्हटलं, "अनघा, मला एक सांगायचंय, मग तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस."

सांगितलं. भात, फडकं, थांबता आलं असतं ते, न थांबल्याचं, हीटरच्या वाऱ्याचं, इस्त्रीच्या बाटलीचं. सोफ्यावरून ईरा म्हणाली, "आजी, दॅट्स सो मीन." मग जरा वेळानं, "अँड काइंड ऑफ जीनियस." अनघाचं वरण घोटणं थांबलं. रवी हातात तशीच.

"कावळा पण पुसलात?" तिनं विचारलं.

"हो. शेवटी."

"तो मी सांगितला होता आईला काढायला. बाळंतपणात मला दिवसभर तो एकच दिसायचा खिडकीत."

मला हे माहीत नव्हतं. चौदा वर्षं मी पुसलेलं सगळं फक्त तुमचंच समजत होते. मी म्हटलं, "माफ कर," आणि ते फार लहान वाटलं, म्हणून आणखी काही शोधत राहिले आणि सापडलं नाही. अनघानं नळ सोडला, रवी धुतली, उगाचच पुन्हा धुतली. मला वाटलं, आता ती वर निघून जाईल. ती वळली. डोळे भरलेले होते, पण तोंडाच्या कोपऱ्यात दुसरंच काहीतरी होतं, थेट तुमच्यासारखं. म्हणाली,

"अहो आई, पहिल्यांदा परत जाताना आई मला एअरपोर्टवर म्हणाली होती, आता मी काही येत नाही. बाळाला सांभाळायला तुझ्या सासूबाई आल्यात, त्यांना सगळं येतं, माझं इथं काय काम. मी गाडीत बसून खूप रडले होते, केदारलासुद्धा सांगितलं नाही. मग तुमचा तो फोन गेला, आणि पंधरा दिवसांत ती मला विचारायला लागली, ड्रायवॉल म्हणजे नक्की काय असतं गं. तिला सांगितलं नाहीत ते बरं केलंत. आता वरणाला फोडणी तुम्ही द्या, माझ्यानं आज होत नाहीये."